पहिली गिटार घेताना: खर्चाची वाटणी, निवड आणि दुकानातली तपासणी

माझी पहिली गिटार मी रंग बघून घेतली. कडेने तांबूस आणि मध्ये मधासारखी पिवळी होत गेलेली बॉडी, तिचा एक खांदा कापलेला आणि वरून चकचकीत पॉलिश. पुढचे आठ-नऊ महिने मी एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले काही सूर) दाबत राहिलो, पण पहिल्या दोन तारा काही केल्या वाजेनात. बोटांत जोर नाही, पंजा लहान आहे, शिकायचे वय उलटून गेले आहे, अशी सगळी कारणे मी स्वतःला देऊन झाली. शेवटी गिटार दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने ती मांडीवर घेतली, तिसऱ्या फ्रेटपाशी तार दाबली, पहिल्या फ्रेटला डोळा लावला आणि नटाच्या खाचा उथळ राहिल्याचे सांगितले. बारीक कानशीने त्याने सहाही खाचा खोल केल्या, सॅडलची पट्टी काढून खालून घासली आणि तासाभरात माझ्याच बोटांनी एफ वाजला. त्या कामाचा खर्च गिटारीच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नव्हता.

दुकानात हा दोष ओळखायला मला दहा सेकंद पुरले असते, परंतु काय बघायचे हेच मला ठाऊक नव्हते. पहिल्या गिटारीच्या बाबतीत लाकूड, नाव आणि रंग यांच्यापेक्षा ती वाजवायला सोपी लावलेली आहे की नाही याला अधिक महत्त्व आहे, असे माझे मत तेव्हापासून बनले असून पुढचा सगळा क्रम त्याच मतावर बेतलेला आहे.

दोन-तीन शब्द आधी समजून घ्या. नेकच्या, म्हणजे गिटारीच्या लांब दांड्याच्या, टोकाला, तारा पिळायच्या खुंट्यांच्या अलीकडे, तारा ज्या खाचांमधून जातात ती आडवी पट्टी म्हणजे नट. दुसऱ्या टोकाला, तारा जिथे बॉडीला अडकतात त्या ब्रिजमध्ये बसवलेली पांढरी पट्टी म्हणजे सॅडल. तारा आणि फ्रेट, म्हणजे नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या, यांच्यामधल्या उंचीला अ‍ॅक्शन म्हणतात. या तीन गोष्टी कळल्या की दुकानदाराशी बोलताना तुम्ही अडणार नाही.

१. काय वाजवायचे आहे ते आधी ठरवा

सुरुवात अकूस्टिकवरच करावी आणि बोटे तयार झाली की मग इलेक्ट्रिक घ्यावी, हा सल्ला बहुतेक प्रत्येक नवशिक्याला मिळतो. त्यात फारसे तथ्य नाही. इलेक्ट्रिक गिटारीच्या तारा पातळ असतात, अ‍ॅक्शन कमी असते आणि त्यामुळे बोटांना होणारा त्रासही कमी असतो. ज्याला रॉक किंवा ब्लूज वाजवायचे आहे त्याने केवळ तपश्चर्या म्हणून जाड तारांशी झुंजत राहण्याचे कारण नाही. उलट ज्याला स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या गाण्याला कॉर्डची साथ करायची आहे, जिथे बसेल तिथे गिटार काढून वाजवायची आहे, त्याने इलेक्ट्रिकच्या मोहात पडू नये, कारण आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पशिवाय तिचा आवाज शेजारी बसलेल्या माणसालाही धड ऐकू जात नाही.

ठरत नसेल तर गेल्या महिन्यात तुम्ही आवडीने ऐकलेली दहा गाणी कागदावर लिहा आणि त्यांतल्या किती गाण्यांत कोणत्या गिटारीचा आवाज आहे ते मोजा. दहांपैकी सातांचे उत्तर एकच आले तर प्रश्न सुटला.

२. तीन प्रकारांतला फरक समजून घ्या

क्लासिकल गिटारीला नायलॉनच्या तारा असतात. तिचा नट सुमारे ५२ मिलिमीटर रुंद असतो आणि तारांमध्ये अंतर भरपूर असते, त्यामुळे उजव्या हाताच्या बोटांनी एकेक तार छेडणे सोपे जाते. मात्र पंजा लहान असेल तर डाव्या हाताला रुंद नेक जड वाटते. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारीचा नट साधारण ४३ ते ४४ मिलिमीटर असतो, आवाज अधिक खणखणीत असतो आणि स्ट्रमिंग, म्हणजे सगळ्या तारा एकदम छेडणे, तिच्यावर खुलते. इलेक्ट्रिकची नेक बहुधा सर्वांत सडपातळ असते.

येथे एक धोक्याची सूचना दिली पाहिजे. क्लासिकल गिटारीला स्टीलच्या तारा कधीही चढवू नयेत. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण सुमारे ४० किलो असतो आणि स्टीलच्या नेहमीच्या संचाचा सुमारे ७० किलो. हलक्या बांधणीची क्लासिकल गिटार हा ताण सहन करू शकत नाही. आधी टॉप, म्हणजे बॉडीची पुढची फळी, फुगतो, मग ब्रिज उखडतो. दिसायला दोन्ही गिटारी सारख्याच असल्याने ही चूक वाटते त्याहून अधिक वेळा होते. डोक्याच्या भागाला लांबट खाचा असतील आणि तारा ब्रिजला गाठ मारून बांधलेल्या असतील, तर ती क्लासिकल समजावी.

३. खर्चाची वाटणी कागदावर करा, मगच दुकानात पाऊल टाका

बहुतेक जण हिशेब उलटा करतात. हातातली सगळी रक्कम गिटारीला लावतात आणि उरलेल्या चिल्लरीत बाकीचे बसवू पाहतात. ते बसत नाही, आणि गिटार सुरात न लावता, सेटअप (नट, सॅडल आणि नेकचा बाक जुळवून घेणे) न करता, पहिल्याच तारा गंजेपर्यंत वाजवली जाते. त्याऐवजी एकूण रकमेचे १०० भाग धरा.

अकूस्टिक किंवा क्लासिकल घ्यायची असेल तर ७५ भाग गिटारीला, १० भाग सेटअपला आणि १५ भाग बरोबरच्या साहित्याला ठेवा. इलेक्ट्रिक असेल तर गिटारीला ५५, अ‍ॅम्पला २५, सेटअपला १० आणि केबल व इतर साहित्याला १० अशी वाटणी करा. ही वाटणी माझ्या अनुभवातली आहे आणि पाच भाग इकडचे तिकडे झाल्याने बिघडणार नाही. सेटअपचे १० भाग मात्र कोणत्याही परिस्थितीत गिटारीकडे वळवू नका. दुकानातच सेटअप करून मिळाला तर ते पैसे पुढच्या तारांच्या संचांना येतील.

बरोबरचे साहित्य निकडीच्या क्रमाने असे घ्यावे:

- ट्यूनर. मोबाइलमधले अ‍ॅप चालते, पण नेकच्या टोकाला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर लाकडाच्या कंपनावर चालतो आणि गोंगाटातही चुकत नाही.
- जाड अस्तराची बॅग.
- तारांचा एक जादा संच.
- तीन-चार पिक (तारा छेडायच्या छोट्या चकत्या), वेगवेगळ्या जाडीची. सुरुवातीला ०.६ ते ०.७ मिलिमीटरची बरी पडतात.
- इलेक्ट्रिक असेल तर पट्टा आणि तीन मीटरची चांगली केबल.
- कॅपो (एखाद्या फ्रेटवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) आणि स्टँड. यांना महिनाभर थांबता येते.

शिकवणीची फी या १०० भागांत धरू नका, कारण ती दरमहा येणारी असते. तारांचेही तसेच आहे. रोज वाजवणाऱ्याला दर दोन-तीन महिन्यांनी नवा संच लागतो.

गिटार, बॅग, पट्टा, पिक आणि ट्यूनर असे सगळे एका खोक्यात घालून विकले जाणारे संच दिसायला स्वस्त असतात. त्यांतली बॅग बहुधा कापडी पिशवीसारखी पातळ असते, तारा कामचलाऊ असतात आणि मुख्य म्हणजे सगळी बचत गिटारीतच केलेली असते. संच नावाजलेल्या निर्मात्याचा असेल आणि त्यातली गिटार सुटीही विकली जात असेल, तरच त्याचा विचार करावा.

४. किमान पात्रता कोणती आणि कुठे थांबावे

फारच स्वस्त गिटारी म्हणजे गिटारीच्या आकाराची शोभेची वस्तू असते. खुंट्या घसरतात, फ्रेट वाकडे बसवलेले असतात आणि सुरात लावलेली तार दोन मिनिटांत उतरते. म्हणून मी तीन अटी सांगतो. स्टीलच्या तारांची गिटार असेल तर नेकमध्ये ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक कमी-जास्त करता येणारी लोखंडी कांब, असलीच पाहिजे. खुंट्यांचे दाते गुळगुळीत फिरले पाहिजेत, त्यांत हिसके किंवा मोकळी पोकळी जाणवता कामा नये. आणि सॅडलची पट्टी सुटी निघणारी असावी. ब्रिजमध्येच ओतलेली प्लॅस्टिकची पट्टी असेल तर पुढे अ‍ॅक्शन दुरुस्त करायला जागा उरत नाही. क्लासिकल गिटारीत ट्रस रॉड सहसा नसते. तिचा ताण कमी असल्यामुळे तो दोष मानू नये.

वरच्या बाजूला कुठे थांबावे, याचे उत्तर सोपे आहे. नावाजलेल्या निर्मात्याच्या श्रेणीतली सर्वांत खालची किंवा तिच्यावरची एक पायरी पहिल्या गिटारीला पुरते. यामाहाची एफ३१० आणि एफजी८००, क्लासिकलमध्ये सी४०, इलेक्ट्रिकमध्ये यामाहाच्या पॅसिफिका मालिकेतल्या सुरुवातीच्या गिटारी, फेंडरच्या छत्राखालची स्क्वायर आणि गिब्सनच्या मालकीची एपिफोन, ही नावे वर्षानुवर्षे नवशिक्यांना सुचवली जातात. त्याचे कारण त्यांचा आवाज अलौकिक आहे असे नसून त्यांची बनावट एकसारखी असते आणि पुढे विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक मिळते, हे आहे. हात लावायला भीती वाटेल इतकी महाग गिटार घेऊ नये. ती पेटीत राहते आणि पेटीतल्या गिटारीवर कोणी शिकत नाही.

५. आकार अंगावर घेऊन पाहा

अकूस्टिकमध्ये सर्वांत जास्त दिसणारा आकार म्हणजे ड्रेडनॉट. मार्टिन कंपनीने तो १९१६ मध्ये पहिल्यांदा बनवला आणि ब्रिटिश युद्धनौकेवरून त्याला हे नाव मिळाले. नावाप्रमाणे तो धिप्पाडही आहे. त्याची बॉडी सुमारे १२ सेंटिमीटर खोल असते. त्यामुळे लहान चणीच्या माणसाचा उजवा खांदा वर उचलला जातो आणि अर्ध्या तासात दुखू लागतो. कॉन्सर्ट, ऑडिटोरियम किंवा ओएम या नावांनी मिळणाऱ्या बॉडी कमरेला बारीक आणि सुमारे दोन सेंटिमीटरने उथळ असतात. आवाजाचा खर्ज त्यांत थोडा कमी असतो, पण बसायला त्या कितीतरी सुखद असतात. ड्रेडनॉट सगळीकडे मिळतो म्हणून तोच घ्यावा, असे अजिबात नाही.

नट आणि सॅडल यांच्यामधल्या तारेच्या लांबीला स्केल म्हणतात. क्लासिकलमध्ये ते बहुधा ६५० मिलिमीटर असते, फेंडर पद्धतीच्या इलेक्ट्रिकमध्ये ६४८ आणि गिब्सन पद्धतीच्या इलेक्ट्रिकमध्ये सुमारे ६२८. स्केल लहान असेल तर त्याच तारांचा ताण कमी होतो आणि फ्रेटही जवळ येतात, म्हणून लहान हातांना हे दोन सेंटिमीटर जाणवतात. मुलांसाठी पाऊण किंवा अर्ध्या मापाची गिटार घ्यावी. अंगापेक्षा मोठी गिटार मूल वाढेल या आशेने घेतली तर मूल वाढते, पण तोवर गिटार सुटलेली असते.

डावखुऱ्यांनी उजव्या हाताची गिटार घेऊन तारा उलट्या चढवण्याचा विचार सोडून द्यावा. नटाच्या खाचांची रुंदी प्रत्येक तारेच्या जाडीप्रमाणे वेगळी असते आणि स्टीलच्या गिटारीत सॅडल तिरपी बसवलेली असते. ती तिरपाई उलट्या बाजूला गेली की वरचे सूर बेसूर होतात. डावखुरी गिटार घ्यावी, किंवा दोन्ही हात नवखेच आहेत हे ओळखून उजव्या हाताच्या पद्धतीने शिकून पाहावे.

६. लाकडाच्या नावाला किती पैसे द्यावेत

लाकडाच्या जातींवर तासन्‌तास चर्चा होते. पहिल्या गिटारीपुरता एकच प्रश्न कामाचा आहे: टॉप अखंड लाकडाचा आहे की थर चिकटवून केलेल्या प्लायचा? आवाज मुख्यतः टॉपच्या थरथरण्यातून येतो आणि अखंड स्प्रूस किंवा सीडरचा टॉप अधिक मोकळा वाजतो. पाठीला व बाजूंना प्लाय असला तरी चालतो. वर सांगितलेल्या एफ३१०चा टॉप प्लायचा आहे आणि एफजी८००चा अखंड स्प्रूसचा. किमतीतल्या फरकाचे मोठे कारण तेच.

हे डोळ्यांनी ओळखता येते. आवाजाच्या गोल भोकाच्या कडेवर उजेड पाडा आणि टॉपवरच्या उभ्या रेषांपैकी एखादी रेष कडेवरून आत उतरते का ते बघा. ती सलग खाली उतरत असेल तर लाकूड अखंड आहे; कडेवर आडवे थर, सँडविचसारखे, दिसत असतील तर प्लाय आहे. कड रंगवून किंवा पट्टी लावून झाकलेली असेल तर निर्मात्याच्या माहितीपत्रकावर विसंबावे लागते.

प्लायला मात्र मी कमी लेखणार नाही. हवेतल्या ओलाव्याच्या चढउताराला तो अखंड लाकडापेक्षा चांगला तोंड देतो. अखंड लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. ती सांभाळणे जमणार नसेल तर प्लायची गिटार अधिक शहाणपणाची ठरते.

बॉडीतच पिकअप, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग, बसवलेल्या इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारीचा मोह होतो. मंचावर वाजवायची वेळ येईपर्यंत तो पिकअप बॅटरी खाण्यापलीकडे काही करत नाही, आणि त्याच पैशात बिनापिकअपची अधिक चांगली गिटार मिळते.

७. इलेक्ट्रिक घेत असाल तर

पिकअपचे मुख्य प्रकार दोन. सिंगल कॉइलचा आवाज स्वच्छ आणि टोकदार असतो, पण विजेच्या तारांची गुणगुण तो उचलतो. गिब्सनमध्ये काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये त्यावर उपाय म्हणून हंबकर तयार केला; त्यात दोन कॉइल एकमेकांच्या विरुद्ध जोडलेल्या असतात, त्यामुळे गुणगुण कटते आणि आवाज भरदार होतो. काय आवडेल हे ठाऊक नसेल तर ब्रिजपाशी हंबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल अशी मांडणी असलेली गिटार घ्यावी, म्हणजे दोन्ही आवाज हाताशी राहतात.

ब्रिज शक्यतो स्थिर असावा. दोन्ही टोकांना कुलूप लावलेला, तरंगता फ्लॉइड रोझ पद्धतीचा ब्रिज पहिल्या गिटारीला घेऊ नये. त्यात एक तार चढवली की बाकीच्या पाच उतरतात, आणि ज्याला अजून गिटार सुरात लावता येत नाही त्याची संध्याकाळ त्यातच जाते.

अ‍ॅम्प १० ते २० वॉटचा पुरतो. वॉट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. त्यामुळे मोठ्या आकड्याला भुलू नका. हेडफोनची जागा आहे की नाही ते मात्र आवर्जून बघा, कारण रात्री दहा वाजता सराव होणार की नाही हे तिच्यावर अवलंबून असते.

८. दुकानातली तपासणी

या टप्प्याला घाई करू नका. जाताना बरोबर पुढील वस्तू न्या:

- सपाट प्लॅस्टिकची चार कार्डे, एटीएम कार्डाच्या मापाची. अक्षरे उठावदार असलेली नकोत.
- कोरा कागद.
- ट्यूनर अ‍ॅप असलेला मोबाइल.
- शक्य असेल तर गिटार वाजवणारा मित्र. तो नसेल तरी पुढची तपासणी एकट्याला जमते.

आधी गिटार सुरात लावून घ्या: जाड तारेपासून पातळ तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई. ट्यूनर ४४० हर्ट्‌झवर आहे ना, तेही बघा. सुरात न लावलेल्या गिटारीची कोणतीही तपासणी खोटी ठरते, कारण ताण बदलला की नेकचा बाकही बदलतो.

पहिली तपासणी नटाची. प्रत्येक तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून ठेवा आणि पहिल्या फ्रेटवर तारेखाली किती फट आहे ते उजेडाकडे धरून पाहा. केसाएवढी फट असावी. ती अजिबात नसेल तर मोकळी तार झणझणेल. नखाएवढी दिसत असेल, तर माझे आठ-नऊ महिने आठवा.

दुसरी तपासणी अ‍ॅक्शनची. एका कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, म्हणून तीन कार्डे मिळून सुमारे २.३ मिलिमीटर होतात. बाराव्या फ्रेटच्या धातूवर कार्डे ठेवा आणि जाड ई तारेखाली सरकवा. स्टीलच्या अकूस्टिकमध्ये तीन कार्डे तार न उचलता सरकावीत आणि चौथे घातले की तार उचलली जावी. पातळ ई तारेखाली दोन कार्डे पुरेत. इलेक्ट्रिकमध्ये जाड तारेखालीही दोनच कार्डांची उंची चांगली. क्लासिकलला मुळातच जास्त उंची लागते. तिथे जाड तारेखाली चारही कार्डे सहज जातील.

अ‍ॅक्शन जास्त निघाली म्हणून गिटार लगेच बाद करू नका. सॅडल ब्रिजच्या वर किती उरली आहे ते बघा. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असल्यामुळे तिथली उंची १ मिलिमीटरने कमी करायला सॅडल २ मिलिमीटरने घासावी लागते. सॅडल भरपूर वर असेल तर काम सोपे आहे. अ‍ॅक्शन उंच आणि सॅडल आधीच ब्रिजला टेकत आलेली असेल, तर नेकचा कोनच चुकला आहे आणि ती दुरुस्ती पहिल्या गिटारीच्या किमतीला परवडत नाही. अशी गिटार खाली ठेवून द्यावी.

तिसरी तपासणी नेकच्या बाकाची. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. मध्ये, सातव्या फ्रेटपाशी, दोन-तीन कागदांच्या जाडीएवढी फट असावी. थोडा कमी-जास्त बाक ट्रस रॉडने ठीक होतो. नेक पिळवटलेली असेल, म्हणजे बॉडीकडून बघताना नट आणि ब्रिज एका पातळीत दिसत नसतील, तर मात्र ट्रस रॉड काही करू शकत नाही.

यानंतर सहाही तारांवर प्रत्येक फ्रेट एकेकदा वाजवा. शंभराहून अधिक सूर होतात आणि दुकानदार कंटाळतो. त्याला कंटाळू द्या. एखादा सूर झणझणत किंवा लगेच विझत असेल तर तिथला किंवा त्याच्या पुढचा फ्रेट वर-खाली बसला आहे. मग बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक (घंटेसारखा पातळ सूर) वाजवा आणि तीच तार तिथेच दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही सूर जुळले पाहिजेत. इलेक्ट्रिकमध्ये फरक स्क्रूने काढता येतो. अकूस्टिकमध्ये तो सहजी निघत नाही, म्हणून तारा नव्या असूनही काटा ठळकपणे एका बाजूला जात असेल तर दुसरी गिटार मागा.

शेवटी नेकच्या दोन्ही कडांवरून तळहात फिरवा. फ्रेटची टोके टोचत असतील तर लाकूड सुकून आकसले आहे. त्यांना कानस लावून घेता येते, पण तोवर पैसे देऊ नका.

एकाच नमुन्याच्या दोन गिटारी दुकानात असतील तर दोन्हींवर हीच तपासणी करा, कारण एकाच खोक्यातून आलेल्या दोन गिटारींत कधी कधी आश्चर्य वाटेल इतका फरक असतो. घरपोच मागवणार असाल तर परत करण्याची मुदत किती आहे ते आधी वाचा आणि खोके उघडल्याच्या दिवशीच ही तपासणी उरका.

९. वापरलेली गिटार घेताना

चांगल्या सांभाळलेल्या जुन्या गिटारीसारखा सौदा नाही, मात्र वरच्या तपासणीत थोडी भर घालावी लागते. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा कोपरा घालून पाहा; तो आत सरकला तर ब्रिज उखडू लागला आहे. ब्रिजच्या मागे टॉपला किंचित फुगवटा असणे स्टीलच्या गिटारीत स्वाभाविक आहे, पण त्याबरोबर ब्रिज पुढे झुकलेला दिसला तर नको. पहिल्या तीन फ्रेटवर तारांखाली पडलेले खड्डे बघा. उथळ असतील तर घासून निघतात, खोल असतील तर फ्रेट बदलावे लागतात आणि तो खर्च मोठा असतो. टॉपवरच्या ओरखड्यांकडे दुर्लक्ष करा आणि किंमत कमी करून मागताना मात्र त्यांचा उल्लेख जरूर करा. इलेक्ट्रिकची सगळी बटणे अ‍ॅम्पला जोडून फिरवून पाहावीत. खरखर स्वच्छतेने जाते, पण एखादा पिकअप पूर्ण मुका असेल तर हिशेब बदलतो.

१०. कागदपत्रे

यात फार काही नाही. नव्या गिटारीचे पावतीपत्र, हमीपत्र आणि अनुक्रमांकाचे छायाचित्र एकत्र ठेवा. पावतीवर अनुक्रमांक लिहून घ्या, नाहीतर हमी मागताना वाद होतो. सेटअप मोफत देऊ असे तोंडी सांगितले असेल तर तेही पावतीवर लिहून मागा. वापरलेल्या गिटारीसाठी विकणाऱ्याकडून रक्कम, तारीख आणि अनुक्रमांक असलेली साधी लेखी पोच पुरते.

११. सेटअप आणि पहिले काही आठवडे

कारागिराकडे जाताना त्याला तीन गोष्टी सांगा: तुम्ही नवशिके आहात, मुख्यतः कॉर्ड वाजवणार की एकेक सूर, आणि तारा कोणत्या जाडीच्या हव्यात. स्टीलच्या अकूस्टिकला बरेचदा पातळ ई तार ०.०१२ इंचाची असते, नवशिक्याने ०.०११ किंवा ०.०१० इंचाचा संच लावून घ्यावा. आवाज थोडा कमी होतो, पण बोटे टिकतात. इलेक्ट्रिकला ०.००९ किंवा ०.०१० इंचाचा संच योग्य. तारांची जाडी पुढे बदललीत तर ताण बदलतो आणि नेकचा बाकही, म्हणून जाडी ठरवून मगच सेटअप करून घ्यावा. काम होत असताना शेजारी बसू दिले तर बसा. नटाच्या खाचेवर कानस किती हलक्या हाताने फिरते हे एकदा बघितले की ते काम घरी स्वतः करून पाहण्याची हौस फिटते. खाच एकदा जास्त खोल गेली की नट बदलावा लागतो.

पहिले तीन-चार आठवडे बोटांची टोके दुखतील आणि मग तिथे घट्टे पडतील. रोज पंधरा-वीस मिनिटे वाजवलेले पुरते. रविवारी तीन तास वाजवून सोमवारी बोटे सुजवून घेऊ नका. घट्टे पडल्यानंतरही एफ कॉर्ड पहिल्या फ्रेटवर बसत नसेल, तर कॅपो पाचव्या फ्रेटवर लावून तोच आकार त्याच्या पुढच्या फ्रेटवर दाबून पाहा. तिथे तो सहज वाजला आणि पहिल्या फ्रेटवर वाजत नसला, तर बहुधा दोष नटात आहे. गिटार पुन्हा कारागिराकडे न्या.

गिटार उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ठेवू नका, आतला डिंक मऊ पडतो आणि ब्रिज सुटतो. वाजवून झाले की तारा कोरड्या कापडाने पुसा. नव्या तारा पहिले दोन दिवस ताणल्या जातात आणि सारख्या उतरतात, तेव्हा खुंट्या खराब आहेत असे समजून दुकानात धाव घेऊ नका. तिसऱ्या दिवसानंतरही तीच एक तार उतरत राहिली, तर मात्र पावती घेऊन जा.